कैरीच्या बरणीतला मातीचा गट्टू

मला दगड म्हणालात तर मी एक अक्षर बोलणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मी भाजलेल्या मातीचा गट्टू आहे. वर निमुळता, खाली रुंद, मुठीत मावेन एवढा, आणि डोक्याशी आरपार भोक. वय विचाराल तर दोन हजारांच्या पुढं आहे. पण म्हातारा म्हणायचं काम नाही. परवापरवापर्यंत मी कामावर होतो.

माझा जन्म ग्रीस देशातल्या एका बेटावरचा. चाकावर मडकी होतात, ती मिरवणारी मंडळी. मला एका बाईनं अंगणात बसून हातानं वळलं, काडी खुपसून भोक पाडलं आणि शेजारच्या भट्टीत मडक्यांच्या फटीत सरकवून भाजून घेतलं. माझ्यासारखे पुष्कळ होते. तिचा माग उभा असायचा, भिंतीला टेकवलेला. वरच्या दांड्याला सूत बांधायचं आणि खाली लोंबणारं सूत ताठ राहावं म्हणून आम्हांला त्याला टांगायचं. ती विणायला लागली की आम्ही एकमेकांवर आपटायचो, टकटक टकटक. त्या तालावर ती गायची, सुनेला बोल लावायची, आणि मधेच हात थांबवून समुद्राकडं बघायची. नवरा जहाजावर असला की जास्तच बघायची.

एक सांगतो. नवं कापड अंगावर आलं की माणसं रंगाचं कौतुक करतात, काठाचं करतात. खाली सूत ताणून कोण धरून बसलं होतं, हे कोणी विचारत नाही. नका विचारू. कापड सरळ निघालं की नाही, तेवढं बघा.

पुढं ते घर ओस पडलं. का, ते मला कोणी सांगितलं नाही. माणसं घर सोडताना भांडीकुंडी नेतात, देव नेतात. मागाची वजनं कोण नेतो? जातील तिथल्या मातीची नवी वळता येतात. छप्पर बसलं, सूत कुजलं, भावंडं पांगली. मी मातीखाली गेलो. तिथं गाढ झोप लागते म्हणे. मला नाही लागली. काम असलेल्याला रिकामपणी झोप येत नाही.

मग समुद्रानं काठ खात खात मला गाठलं आणि खाली गोट्यांत आणून टाकलं. माझ्या भावंडांना त्याआधीच शिकलेल्या माणसांनी हलक्या कुंचल्यांनी उकरून काढलं होतं आणि वर टेकडीवरच्या संग्रहालयात काचेत बसवलं होतं. माणसं तिकीट काढून त्यांना बघायला जायची आणि जाताना मला तुडवून जायची.

दोन हजार पंधराच्या जूनमध्ये सिंगापूरहून एक मराठी कुटुंब तिथं सुट्टीला आलं. निशिकांत बँकेतला, त्याची बायको मेधा तिथल्याच नोव्हेना भागातल्या एका दवाखान्यात हिशेब सांभाळणारी, मुलगी ऋचा शाळेतली, आणि निशिकांतची आई संजीवनीबाई. तिघं संग्रहालयाच्या पायऱ्या चढून गेली. संजीवनीबाईंचे गुडघे पायऱ्यांना तयार नव्हते. त्या खाली समुद्राकाठी बसल्या, चपला काढून पाय पाण्यात सोडून.

बसल्या बसल्या त्या गोटे उलटेसुलटे करत होत्या. बायकांची ही सवय मी तेव्हाही पाहिली होती. हाताला काम नसलं की हात आपणच शोधतो. त्यांनी मला उचललं, धुतलं, तळहातावर तोललं, आणि भोक दिसल्यावर अशा काही खूश झाल्या की आपल्याशीच मोठ्यानं बोलल्या. "अगं बाई! दोरा ओवायची पण सोय!"

त्यांच्या आनंदाचं कारण ऐका. लोणच्याच्या फोडी तेलावर तरंगल्या की त्यांना बुरशी धरते. मिरजेच्या घरी त्यांच्याकडं बरणीत फोडी दाबायला नदीतला एक गुळगुळीत दगड होता, सासूच्या वेळेपासूनचा. तो मिरजेलाच राहिला. सिंगापूरला मिळत नाही असं काही नाही, पण रस्त्यावर पडलेला दगड तेवढा मिळत नाही. ओळीनं दोन वर्षं बाईंचं लोणचं बिघडलं होतं. त्यात दगडाची दुसरी पंचाईत अशी की तो तेलकट होतो, बाहेर काढताना निसटतो. भोकात दोरा असला की ओढला आणि आला वर.

मी गुडघ्याच्या मलमाबरोबर त्यांच्या पिशवीत बसलो. विमानतळावरच्या यंत्रानं मला पाहिलं आणि सोडलं. त्यालाही मी दगडच वाटलो असणार.

सिंगापुरात हौगांगमधल्या एका एचडीबी ब्लॉकमध्ये, म्हणजे सरकारी इमारतीत, उंचावरच्या मजल्यावर ह्यांचा भाड्याचा फ्लॅट. तिथं बाईंनी मला पाण्यात उकळलं, कपडे वाळत घालायच्या बांबूंशेजारी उन्हात ठेवलं, मग निखाऱ्यावर हिंग टाकून बरणीबरोबर मलाही धुरी दिली. तेवढ्यात धुराची घंटा बोंबलायला लागली. मेधा धावत आली. "आई, अहो फायरवाले येतील!" बाई म्हणाल्या, "येऊ देत. त्यांनाही फोड देईन."

आणि मग त्यांनी जाड पांढरा दोरा घेतला, टोक ओलं करून पीळ दिला आणि माझ्या भोकातून ओवला.

थांबा. हे घाईत वाचू नका. दोन हजार वर्षांनी कोणीतरी माझ्यातून दोरा ओवला. ह्या मधल्या काळात राजे आले, गेले, त्यांच्या मूर्तींची नाकं तुटली. आणि मला पुन्हा काम लागलं. टेकडीवरच्या एका तरी भावंडाला लागलं का?

मी मोहरी, मेथी, मीठ, तेल ह्यांत बुडालो आणि फोडी दाबून धरल्या. त्या वर्षी लोणचं असं उतरलं की निशिकांत दुपारच्या डब्यात ते न्यायला लागला. ऋचा तर नुसत्या ब्रेडला लावून खायची.

घोटाळा झाला तो पुढच्या जानेवारीत, एका रविवारी. ऋचा शाळेसाठी सुट्टीतले फोटो निवडत टेबलाशी बसली होती. बाई तिच्यासमोर दोरा ओढून मला वर काढत होत्या. तिनं एकदा कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"आज्जी, धिस वन सेम सेम लेह! म्युझियममधला!"

सगळे जमले. पडद्यावर काचेत ओळीनं बसलेली माझी भावंडं, आणि इथं मी, दोऱ्याला लटकलेलो, तेल ठिबकत. निशिकांतचा चेहरा उतरला. "आई, हे कुठून आणलंस?"

"समुद्रावरून. पडला होता."

"पडला होता म्हणून उचलायचा? तिकडं असलं काही देशाबाहेर नेणं गुन्हा असतो! तुरुंगात टाकतात!"

"दगडाला कोण तुरुंगात टाकतं?"

"दगड नाहीये तो!"

इतकं बरं वाक्य त्या घरात माझ्याविषयी पहिल्यांदाच कोणी बोललं होतं. पण ते बोलणाराच माझ्या जिवावर उठला. झालं होतं असं, की सिंगापुरात कायमचं राहू द्या म्हणून कुटुंबाचा पीआरचा अर्ज नुकताच आत गेला होता. ऋचाची शाळा, राहतं घर, पुढची दहा वर्षं, सगळं त्या उत्तरावर टांगलेलं. त्यात कुठल्या तरी देशाची चौकशी मागं लागली तर? निशिकांतनं मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या झाकणाकडं निघाला. भिंतीत लोखंडी झाकण असतं. उघडून टाकलं की वस्तू थेट तळमजल्याच्या डब्यात, तिथून कचरा जाळायच्या भट्टीत.

भट्टीची मला भीती नाही, मी भट्टीतूनच आलोय. पण खरकट्याबरोबर? मी?

बाई गुडघे विसरून आडव्या आल्या. झाकणाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"निशी, सरक."

"आई, तू सरक. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल. मी उचलला तेव्हा मला माहीत नव्हतं. तोवर ती चूक होती. आता माहीत आहे. आता टाकलास तर ती चोरी, आणि ती माझ्या नावावर."

मेधा मधला मार्ग काढायला बघत होती. "मग राहू दे ना बरणीत. तिथं छान आहे की तो."

खरं सांगतो, मला मेधाचं म्हणणं पटलं होतं. काचेत बसून मी करू काय? पण बाई म्हणाल्या, "नाही गं. लोकाच्या घरचं आहे हे. लोणचं घशाखाली उतरायचं नाही माझ्या."

"अर्ज हातचा गेला तर?" निशिकांत ओरडलाच.

"गेला तर गेला. मिरज काही बुडलेली नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "अरे, उद्या ही पोरगी विचारेल, बाबा, त्या वस्तूचं काय केलंत? काय सांगशील?"

ऋचा तिथंच उभी होती. निशिकांतनं तिच्याकडं बघितलं नाही. पण वर्तमानपत्राचा पुडा त्यानं ओट्यावर ठेवला.

मेधानं त्या संग्रहालयाला फोटो पाठवला. उत्तर आलं, पाठोपाठ कॉम्प्युटरवर बोलायची वेळ ठरली. निशिकांतनं बजावलं होतं: सामानात चुकून आला म्हणायचं, जास्त काही नाही. पडद्यावर संग्रहालयातल्या बाई दिसल्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा डोक्यावर. बोलायला सुरुवात होते न होते तोच संजीवनीबाईंनी मला कॅमेऱ्यापुढं धरलं. "मेधा, सांग त्यांना. मी उचलला. सामानात आपोआप नाही आला, त्याला काय पाय आहेत?"

मेधानं इंग्रजीत सांगितलं. निशिकांतनं कपाळाला हात लावला.

तिकडून प्रश्न आला, "धुतलात का? कशानं?"

मग बरणीची सगळी हकीकत निघाली. मेधा एकेक जिन्नस सांगायची आणि तिकडच्या बाई लिहून घ्यायच्या. हिंगाशी गाडी अडली. "हे काय असतं?" मेधाला सांगता येईना. संजीवनीबाईंनी डबी उघडून पडद्याला लावली. "घ्या, वास घ्या!" तिकडच्या बाई डोक्यावरचा चष्मा काढून पुसायला लागल्या. हसतायत की रडतायत, कळेना.

शेवटी त्या म्हणाल्या, आता आणखी धुऊ नका, आहे तसा पाठवा. परत देणाऱ्यांच्या आम्ही मागं लागत नाही. पण एक सांगते. वस्तू जिथं पडली होती तिथून हलवली की तिचं निम्मं बोलणं जातं. शेजारी काय होतं, वर-खाली काय होतं, ते आता कळायचं नाही. ती अर्धी मुकी होते.

संजीवनीबाईंना हे लागलं. त्यांनी मान खाली घातली. आणि मला आला राग.

अर्धा मुका? मी? बाई, तुमचं शास्त्र मोठं असेल, पण तुमच्या काचेतल्या सबंध ओळीनं आजवर तुम्हांला काय सांगितलं? मी निदान बोलतोय. माझं काय गेलं ते मला ठाऊक आहे, आणि काय मिळालं तेही. म्हणून तर ही सगळी कहाणी सांगायला बसलो.

पाठवायच्या दिवशी सकाळी बाईंनी दोरा काढला. कात्रीनं कापला नाही, हळूहळू ओढून काढला. "रागावू नकोस हो," त्या मला म्हणाल्या. मी रागावलोच होतो. कामावरून काढल्यावर कोण हसतं? तरी एक कबूल करतो. माझ्यासाठी पाठ लावून उभं राहिलेलं माणूस मी दोन हजार वर्षांत हेच पाहिलं.

पोस्टात निशिकांत सोबत आला. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नव्हतं, ते हो येईल की नाही हेही कळायला मार्ग नव्हता. काउंटरवरच्या चिनी आंटीनं विचारलं, "सेंडर हू?" निशिकांतचं पेन थांबलं. बाई पुढं सरसावल्या, "संजीवनी. मी. लिही."

निशिकांतनं आईचं नाव लिहिलं. आणि खाली आपलंही लिहिलं, पूर्ण, पत्त्यासकट.

आंटीनं खोक्यावर लाल चिठ्ठी चिकटवली आणि बाईंना विचारलं, "फ्रॅजाइल, आंटी. कॅन?"

"म्हणजे काय गं?" बाईंनी विचारलं.

"नाजूक आहे, जपून न्या, असं," निशिकांत म्हणाला.

बाई खळखळून हसल्या. "हा? नाजूक?"

खोक्यात कापसात गुंडाळलेला मी, पण ऐकत होतो, आणि त्या हसण्याला माझा पूर्ण पाठिंबा होता. घर कोसळलं, समुद्रानं आपटलं, बाईंनी उकळलं; माझा टवका उडाला नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, कधी त्या बेटावर गेलात आणि टेकडी चढलात, तर काचेत ओळीच्या टोकाला मी असेन, इतरांपेक्षा काळसर. खाली चिठ्ठी असेल, त्यांना ठाऊक तेवढं लिहिलेलं. मला बिचारा म्हणू नका, काचेवर बोट आपटू नका. मी तिथं शोभेला बसलेलो नाही. दोन कामांच्या मधे थांबलोय.