सहा वाजताची यादी

मित्रांनो, मी केबलचा एक जुना डबा आहे. माझी तार काढून मला कपाटात ठेवलं, तरी माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. का, ते सांगतो.

कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला आणि अकरा वर्षांपूर्वी मी सर्बियातल्या एका नदीकाठच्या गावात, देसांकाआजींच्या घरी येऊन बसलो. माझ्याकडे एकशेऐंशी वाहिन्या होत्या. आजी बघायच्या तीन. त्यातही त्यांची खरी वेळ संध्याकाळी सहाची. तेव्हा गावच्या वाहिनीवर गेलेल्यांची यादी लागायची: फोटो, नाव, वय, दफनाची वेळ. आमच्याकडे आज माणूस गेलं की उद्या मातीत. यादी चुकली म्हणजे शेवटचा निरोप चुकला.

नदीपलीकडे त्यांची मैत्रीण कोसारा राहायची. सहाला ती फोन लावायची आणि दोघी आपापल्या घरी बसून यादी बघायच्या.

"देसा, आज तू नाहीस गं यादीत."

"तुला पोचवल्याशिवाय मी कुठे जातेय, सटवे."

मग ओळखीचं नाव आलं की दोघी हळहळायच्या. या कामाचा मला फार अभिमान होता.

एक दिवस आजींचा मुलगा व्लादेता बोटभर डबी घेऊन आला. "आई, आता इंटरनेटवरून हवं ते, हवं तेव्हा बघ. जाहिराती नाहीत, पावसात चित्र अडकणं नाही."

खोटं कशाला बोलू, माझं चित्र अडकायचं. जाहिरातींचा तर मलाच वीट आला होता. डबी गुणाची होती. पण जगभरच्या मालिका दाखवणाऱ्या तिला आमच्या गावात कोण गेलं, हे ठाऊक नव्हतं.

"आणि सहाची यादी?" आजींनी विचारलं.

"कोसारामावशी वाचून दाखवेल की."

दोन आठवडे तिने वाचून दाखवली. कपाटात मी कान देऊन बसायचो. मग एका मंगळवारी सहा वाजून गेले, फोन आला नाही. आजींनी लावला, तर लाइनच मेलेली.

"लेकीकडे गेली असेल," व्लादेता म्हणाला. "रविवारी जाऊन बघतो."

"रविवारपर्यंत पुरून मोकळे होतील तिला."

आजींच्या गुडघ्यांना पूल झेपत नव्हता. बुधवारी दिवसभर त्यांची पावलं खिडकीपासून दारापर्यंत आणि परत. दुपारी पातेल्यात गहू ओतल्याचा आवाज आला. आमच्याकडे दफनाला शिजवलेले गहू नेतात, साखर-अक्रोड घालून.

पावणेसहाला त्यांनी कपाट उघडलं, टीव्हीतून ती डबी उपटली आणि मला तार जोडली. केबलचा करार महिनाअखेरपर्यंत होता, म्हणून मी चालू झालो. मित्रांनो, यादी मला आधी कळत नाही. तार आणेल ते मी दाखवतो. एक सुतार गेला होता. एक शाळेतल्या बाई. तिसऱ्या फोटोत डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी दिसली आणि आजी पडद्याला जवळजवळ चिकटल्या. ती दुसरीच कुणी निघाली. यादी संपली.

"पण कालच्या यादीत असली तर?" आजी पुटपुटल्या.

तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन वाजला.

"देसा, मी कोसारा. सुनेनं डबा काढून टाकला गं. फोनही त्याच तारेवर होता, तोही गेला. शेजारणीच्या मोबाइलवरून बोलतेय. आज कोण गेलं?"

आजींनी फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"अगं, बोल की. काय करतेयस?"

"गहू भिजत घातलेत."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी, सटवे." आणि त्या रडायलाच लागल्या.

मग कोसारा म्हणाली, "अक्रोड हात राखून घालू नकोस. उद्या सुनेला गाडी काढायला लावते. मीच येते खायला."

मित्रांनो, नवी डबी आणा, जरूर आणा. पण जुना डबा काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, यात तू रोज कुणाला शोधतेस? महिना आणि माझा करार संपायला आठ दिवस उरलेत. व्लादेताने अजून विचारलेलं नाही.