उभा धागा

द्रौपदीने उताऱ्यातल्या एका शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि पुस्तक श्रीपादरावांकडे सरकवलं.

"हा आमच्या शेठच्या तोंडात रोज असतो, सर. 'स्टॅमिना नहीं है क्या?' म्हणून ओरडतो. लिहिलेला आज पहिल्यांदाच बघते."

"ताकद. दम," श्रीपादराव म्हणाले. "लिहून ठेवा. धावणाऱ्या माणसाकडे असतो तो."

तिने लिहिलं. मग पेन्सिल थांबली. "पण ताकदीला तर तुम्ही गेल्या शुक्रवारी दुसरा शब्द सांगितलेला. मग हा वेगळा कशाला केला?"

श्रीपादराव अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि बदलापूरला घर बांधून राहत होते. इंग्रजी हे त्यांचं वेड. द्रौपदी जवळच्याच खरवई गावची. सदतीस वर्षांची ही बाई उल्हासनगरच्या एका यंत्रमाग कारखान्यात तुटलेले धागे सांधायची. कारखान्यात नवे माग येणार होते आणि जो दहावी पास असेल त्यालाच त्या खात्याचा मुकादम करणार, असं शेठने सांगितलं होतं. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून तिने बाकीचे विषय काढले. इंग्रजीने मात्र दोनदा बुडवलं. शेवटचे गुण अठ्ठावीस. तेव्हापासून दर शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, ती इथे येत होती. ऑक्टोबरची परीक्षा तीन महिन्यांवर होती. 'बाई कष्टाळू आहे, पण हे तिच्या आवाक्यातलं नाही,' असं श्रीपादराव पत्नीला, कुंदाताईंना, दोनदा बोलूनही गेले होते.

तिच्या प्रश्नावर श्रीपादराव उठले. त्यांनी कपाटातला मोठा शब्दकोश काढला, भिंग घेतलं आणि पान शोधलं.

"मूळ लॅटिन," ते वाचू लागले. "अर्थ... धागा. मागावरचा उभा धागा." त्यांनी भिंग जरा मागे घेतलं. चाळीस वर्षं हा शब्द ते वापरत होते. तो मागावरून आला असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. "पूर्वी तिकडचे लोक मानत, की माणसाच्या आयुष्याचा धागा देवता कातून ठेवतात. धागा जेवढा, तेवढं आयुष्य."

"आयुष्याची दोरी," द्रौपदी सहज म्हणाली. "मग उभा धागा म्हणजे आमचा ताणाच की."

"पण धाग्यात कसली आली ताकद? नखाने तुटतो."

"एकटा तुटतोच, सर." तिने दोन्ही हात समोर धरले, जणू त्यांच्यामध्ये काही ओढून बांधलं होतं. "बाणा आडवा असतो, तो नुसता धोट्यातून इकडून तिकडे पळतो. आला नि गेला. ताणा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ओढून धरलेला. दर फेरीला फणी येऊन आदळते, घासते. त्याला ढिलं पडून चालत नाय नि तुटूनही चालत नाय. म्हणून तर मागावर चढवायच्या आधी त्याला खळ पाजतात, कडक व्हायला." ती थांबली, मग लाजून हसली. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा."

"नाही, सांगा," श्रीपादराव म्हणाले. त्यांनी भिंग खाली ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात ते तिचा कारखाना बघायला गेले. दारातच खडखडाटाने त्यांचे कान बधिर झाले. हवेत कापसाचे तंतू उडत होते. एक माग थांबला तशी द्रौपदी तिकडे गेली. हजारो पांढरे धागे एकमेकांना चिकटून उभे होते. त्यात तुटलेला कुठला, हे श्रीपादरावांना चष्मा पुसूनही दिसेना. तिने डोळे बारीक केले नाहीत की वाकूनही पाहिलं नाही. तळहात धाग्यांवरून फिरवला, एका जागी थांबली, बोटांची काहीतरी हालचाल झाली आणि माग पुन्हा सुरू झाला. मग पुढचा. पुन्हा पुढचा. तासाभरात ती एकदाही बसली नाही. 'रोज आठ तास हे करून ही बाई घरी क्रियापदांची रूपं पाठ करते,' श्रीपादरावांनी मनाशी म्हटलं.  रात्री जेवताना ते कुंदाताईंना म्हणाले, "आवाक्याचं मी उगीच बोललो."

त्यानंतर त्यांनी तिला सोडलं नाही. चुकलेलं वाक्य दहादा लिहायला लावलं, निबंध लाल शाईने रंगवले. आवाजही चढवला. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. भातलावणीच्या दिवसांत पायांना चिखल असायचा, तेव्हा बाहेरच्या नळावर पाय धुऊन आत यायची. एकही शुक्रवार चुकला नाही.

निकाल डिसेंबरात लागला. बुधवारी सकाळी ती दारात उभी राहिली, हातात पेढ्यांचा पुडा. इंग्रजीत त्रेचाळीस. श्रीपादरावांनी गुणपत्रिका आधी स्वतः वाचली, मग कुंदाताईंना मोठ्याने वाचून दाखवली.

"आता मुकादमाची खुर्ची तुमची!"

द्रौपदीने पुड्याचा दोरा सोडला. "ती जागा भरली, सर. शेठच्या साडूला दिली. श्रावणातच."

श्रीपादरावांनी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून पेढे बशीत मांडत होत्या. कुंदाताईंना हे आधीपासून ठाऊक होतं.

"श्रावणात? मग त्यानंतरही तुम्ही... मला का नाही सांगितलंत?"

द्रौपदीने पदर सारखा केला. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आता कशाला त्रास घेता, द्रौपदीबाई. वाईट हेतूनं नाय. मायेनंच म्हणाला असता." तिने पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला. "आणि मी ऐकलंही असतं."

श्रीपादराव खरंच तसंच म्हणाले असते. त्यांनी पेढा घेतला. तो हातातच राहिला.

"दुसरी पाळी आहे, निघते," म्हणत तिने पिशवी उचलली. श्रीपादरावांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि चपलांत पाय सरकवले.

"तुम्ही कुठं, सर?"

"रिक्षा स्टँडपर्यंत येतो."

उन्हं चांगलीच वर आली होती. रस्त्यात दोन ओळखीचे भेटले, तेव्हा श्रीपादरावांनी थांबून, 'या आमच्या द्रौपदीबाई, दहावी झाल्या,' असं दोघांनाही सांगितलं. एरवी तिसऱ्या वळणावर त्यांना धाप लागायची; आज लागली नाही, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की द्रौपदी केव्हापासून आपली चाल आवरून त्यांच्या पावलाने चालत होती.