चमकीतला हिमालय

हिमालयाच्या पायथ्याची वाळू श्रीलंकेतून आली आहे, हे मी १९७७ साली सिद्ध केलं. असं काही घडलंच नाही, असं धरून पुढं वाचावं.

मी सांगलीला भूगर्भशास्त्रात पीएच.डी. करत होतो. शिष्यवृत्तीचे पाच महिने उरलेले, निष्कर्ष एकही नव्हता. विषय मात्र सोपा. डोंगर झिजतो, त्याची वाळू होते, वाळूत झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण असतात. कणाचं वय काढलं की तो कुठल्या डोंगरातला ते कळतं.

वाळू चुलतभाऊ केरबानं आणली. त्याची पलटण शिवालिकच्या टेकड्यांत होती. सुट्टीवर येताना त्यानं ट्रंकेतले कपडे काढून सात किलो वाळू भरली. त्याची बायको ट्रंक उघडल्यावर जे बोलली, ते शास्त्रीय लेखनात बसत नाही.

जड झिरकॉन वेगळा करायचं रसायन कॉलेजात संपलं होतं. मागणीपत्राला तिसरं वर्ष लागलेलं. म्हणून मी विट्याला माझ्या मामांकडे, नाथाजींकडे गेलो. त्यांचं मदुराईत गलाईचं दुकान. सोनारांकडचा केर परातीत धुवायचा, तळाशी बसेल ते आटवून सोनं काढायचं. दसऱ्याला ते पूजेसाठी परातीसकट गावी आले होते.

"ह्यात सोनं न्हाई," वाळू चिमटीत धरून ते म्हणाले.

"नकोच हाय, मामा. तळाचं जड खडं पायजेत."

"सोनं नसताना धुवायचं? शिकून लय वाया गेलास रं."

पण धुतली. चमचाभर जड कण कागदात बांधून दिले.

त्यातले सगळ्यांत मोठे, देखणे चाळीस कण मी निवडले. काहींना पैलू होते. वहीत लिहिलं, 'निसर्गाची किमया'. प्रयोगशाळेतून वय आलं पंचावन्न कोटी वर्षं, चाळिसांचंही तेच. झिरकॉनच्या वयांच्या छापील तक्त्यात असे कण एकाच ठिकाणचे होते, श्रीलंकेचे. माझ्या मार्गदर्शक सरांनी दोनदा चष्मा पुसला आणि निबंध परिषदेला धाडला. शिष्यवृत्ती वाचली.

फेब्रुवारीत नाथाजी एका लग्नाला गावी आले. मी पेढे घेऊन गेलो, उरलेले कण दाखवले.

"आरं, हे तर चमकीचं खडं! मदुराईकडच्या बायका नाकात घालत्यात. सिलोनचा माल. माज्या दुकानातलं हायती."

"आवं, पण परात धुतली न्हवती काय?"

"परात कवा कोरडी करत्यात व्हय? मागल्या कामाची चिमूट आत ऱ्हायलाच पायजे. न्हाईतर धंदा बसतो."

"माजा बसला त्येचं काय?"

"तुजी परात कुटं हुती?" म्हणत त्यांनी दुसरा पेढा घेतला.

सरांना सांगितलं. या वेळी त्यांनी चष्मा एकदाच पुसला. मग म्हणाले, "लेखी द्या."

मी लेखी दिलं:

'मा. कुलसचिव यांस सविनय सादर. माझा निष्कर्ष पुन्हा काढणे भाग असल्याने शिष्यवृत्तीस दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी. तसेच सदर कालावधीत हिमालयाने झिजू नये व वय वाढवू नये, असे आदेश संबंधित खात्यामार्फत तातडीने निर्गमित व्हावेत, ही विनंती.'