अण्णाची दोन चौकट

गेल्या रविवारी खोपोलीच्या हॉलमध्ये मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला चारचौघांत वेड्यात काढलं. तेव्हापासून त्याच्या तोंडाकडे बघवत नाही मला.

मी चारुलता. कर्जतच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. पोरं मला टरकायची, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. अण्णाचं उलट. उभा जन्म कारखान्यात ड्रॉइंग करत बसला, आवाज म्हणून कधी चढला नाही. वहिनी गेली आणि त्याला ब्रिजचं वेड लागलं. जोडीदार कोण होणार? मीच. दर गुरुवारी तो पत्त्यांचा जोड घेऊन माझ्याकडे येतो.

ब्रिजमध्ये आपल्याकडे कसली पानं आहेत ते जोडीदाराला बोलीतूनच कळवायचं. अण्णाच्या पद्धतीत भारी पानं आली की 'एक किलवर' म्हणायचं. मग वरच्या बोल्या हलक्या पानांसाठी मोकळ्या राहतात. त्या मोकळ्या जागेत अण्णाने आपली लाडकी 'दोन चौकट' उभी केली. बोली एक, अर्थ तीन, आणि चौकटशी तिचा संबंध असेलच असं नाही. हलकी पानं आणि लांबलचक बदाम, किंवा हलकी पानं आणि लांबलचक इस्पिक, किंवा तिसरंच काही. नेमकं कुठलं ते पुढच्या फेरीत उलगडायचं. ही बोली त्याने किती वेळा खोडली आणि पुन्हा मांडली असेल, देव जाणे. एका बोलीत तीन बसवलेत आणि एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही, हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. एरवी उजळण्यासारखं त्याच्याकडे उरलंय काय?

समोरच्यांना मात्र बोलीचा अर्थ विचारायचा हक्क असतो. उत्तर द्यायचं जोडीदाराने. ज्याने बोली दिली त्याने तोंड उघडायचं नाही.

आमच्याकडच्या स्पर्धेत या बोलीबद्दल कुरबुरी झाल्याच. म्हणून स्पर्धा चालवणाऱ्या राजेशने यंदा अट घातली. अण्णाची दोन चौकट चालेल, पण खुलाशात एकदा जरी गोंधळ झाला तरी ती कायमची बंद. अण्णाला तेवढंही पुष्कळ झालं. पळसदरीच्या रस्त्याने गाडी चालवताना त्याने मला पुन्हा एकदा सगळं म्हणून दाखवायला सांगितलं. मी खेकसले, मला काय पहिलीतली पोर समजतोस का?

दुपारी आमच्यासमोर खालापूरचं डॉक्टर जोडपं आलं, मिहीर आणि निशिगंधा. बोलीसाठी छापील कार्डं असतात, त्यातलं दोन चौकटचं कार्ड अण्णाने काढून ठेवलं. निशिगंधाने अर्थ विचारला. मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी खणखणीत आवाजात सांगितलं, की हलकी पानं आणि लांब बदाम, किंवा हलकी पानं आणि लांब इस्पिक, नाहीतर भारी पानं, तीन रंगांत वाटलेली.

अण्णा टेबलाकडे बघत राहिला.

निशिगंधाने बेताने दोन इस्पिक म्हटलं. मिहीर बराच वेळ विचार करून पास म्हणाला. खेळ सुरू झाला आणि अण्णाच्या हातातून किलवर पडायला लागलं, चौकट पडायला लागलं. ना लांब बदाम, ना इस्पिक, आणि भारी तर काहीच नाही. माझं डोकं तापलं. निशिगंधाने सहज अकरा हात केले. शेवटचं पान पडायची मी वाट बघत होते.

"अण्णा, स्वतः बनवलेली बोली स्वतःलाच आठवत नाही? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मिहीर समजूतदारपणे हसला, म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसतात तसा. अण्णाने हात वर करून राजेशला बोलावलं. खेळ संपेपर्यंत त्याला बोलायची मुभा नव्हती, म्हणून तो इतका वेळ थांबला होता.

"चारूने सांगितलेला तिसरा अर्थ आता नाही," तो म्हणाला. "आता तो हलकी पानं, किलवर आणि चौकट असा आहे. माझी पानं ठरल्याप्रमाणेच होती."

तेव्हा मला आठवलं. भारी पानांचा तिसरा अर्थ डोक्यात राहत नाही म्हणून गणपतीत मीच हटून बसले होते, तो काढ नाहीतर मी खेळत नाही. अण्णाने माझ्यासाठी सगळी मांडणी मोडली, भारी पानं एक किलवरमध्ये नेली आणि तिथे हे नवं बसवलं. मी हो हो म्हणत त्याच्यासमोर शेंगा सोलत होते.

मी विसरलो, एवढं अण्णा म्हणाला असता तरी त्याची बोली वाचली असती. माझ्या ओरडण्याने ती पळवाट मीच त्याला आयती करून दिली होती. पण अण्णाला खोटं बोलता येत नाही. मिहीर म्हणाला, समोर भारी पानं असतील या भीतीनेच आम्ही जास्त गुणांच्या चार इस्पिकपर्यंत गेलो नाही. ते खरं होतं. राजेशने त्यांना चार इस्पिकचे गुण दिले आणि खालच्या आवाजात अण्णाला सांगितलं, आता नाइलाज आहे. अण्णाने मान डोलावली.

येताना गाडीत मी वाट बघत होते, बोलेल, ओरडेल. पळसदरीजवळ त्याने विचारलं, चहा घ्यायचा का. नको म्हणाले. सॉरी म्हणायलाही तोंड उघडेना. आयुष्यभर पोरांना भर वर्गात माफी मागायला लावणारी मी.

गुरुवारपर्यंत मी ती बोली घोकली. भाजी चिरताना घोकली, देवापुढे बसून घोकली. तो आला, पत्ते काढले, तेव्हा मी म्हटलं, अण्णा, दोन चौकट विचार मला. त्याने विचारलं नाही, तरी मी म्हणून दाखवली. तिन्ही अर्थ, पुढची उत्तरं, सगळं. एक चूक नाही.

"बरोबर आहे गं," तो म्हणाला. "पण आता साधंच खेळू. तुलाही सोपं जाईल."

त्याने पानं वाटली, आपली लावली आणि दोन चौकटचं कार्ड ठेवलं. जोडीदाराला कधी तोंडाने सांगायचं नसतं ते त्याने सांगून टाकलं.

"फक्त चौकट आहे, चारू. बाकी काही नाही."

मला समोरची पानं दिसेनात. मी पास म्हणाले.