तिबोटी खंड्यास मानपत्र

शेजारच्या सोसायटीत गेल्या वर्षी बिबट्या आला. त्यानं काही केलं नाही, पार्किंगमधून चालत गेला एवढंच. पण तो सीसीटीव्हीत सापडला, टीव्हीवर झळकला आणि आमचे चेअरमन श्यामकांत यांच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या आजतागायत. बोरिवलीत नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून राहायचं आणि आपल्या वाट्याला काय, तर गच्चीवरचे पापड पळवणारी माकडं!

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्या बी विंगच्या जिन्याच्या काचेवर काहीतरी आपटलं. मी खाली धावले. मोगऱ्याच्या कुंडीपाशी मुठीत मावेल एवढा पक्षी पडला होता. पोट पिवळंधमक, पाठ निळी-जांभळी, चोच लालभडक आणि पायाला बोटं तीनच. तिबोटी खंड्या! पावसाळ्यात रानातल्या ओढ्याकाठी घरटं करायला येतो. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण हा मी फक्त पुस्तकातच पाहिला होता.

चपलांच्या खोक्याला भोकं पाडून त्याला आत ठेवला. दोन तास अंधार, शांतता आणि मग झाडीत सोडायचा, एवढाच उपचार. तेवढ्यात श्यामकांत आले.

"उत्तराताई, झकास! कुठला हो हा?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं.

"दुर्मीळ आहे? मग असाच कसा सोडायचा? संध्याकाळी सहाला सत्कार करू आणि नगरसेवकसाहेबांच्या हस्ते सोडू."

"अहो, तोवर मरेल तो! आधी वनखात्याला फोन करा."

"करू ना, कार्यक्रम झाला की लगेच."

बघता बघता खोका सोसायटीच्या ऑफिसात गेला आणि दाराला कुलूप लागलं. मग कमिटी बसली. पक्षी बी विंगच्या काचेवर आपटला, पण उडून ए विंगच्या बाजूनं आला होता, म्हणून स्वागताध्यक्ष कोण यावर पाऊण तास गेला. शाल कुणाच्या अंगावर घालायची हा प्रश्न निघाला, तेव्हा खोक्यावर घालायची असं एकमतानं ठरलं. श्रीफळ पक्ष्यापेक्षा मोठं होतं, त्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता.

मी मात्र घड्याळाकडे बघत होते. खंड्या इवलासा जीव, सतत खाणारा. दिवसभर उपाशी डांबला तर संध्याकाळी शाल प्रेतावरच घालावी लागली असती. मला त्या सगळ्यांचा संताप आला होता, आणि दुर्मीळ आहे असं सांगून बसलेल्या स्वतःचाही.

तळमजल्यावरच्या शेवंतीकाकी मूळच्या सावंतवाडीकडच्या. त्यांच्या गावच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, हा पक्षी नेहमीचा. त्यांनी खिडकीतून मला हाक मारली. "बाई, हो आमच्या व्हाळार दिसता. खोक्यात नाय ऱ्हवाचो, मरतलो तो. सोडा त्येका."

"चावी श्यामकांतकडे आहे, काकी."

तेवढ्यात श्यामकांतच समोरून आले. "उत्तराताई, मानपत्र तुम्हीच लिहा. तुमच्यासारखी भाषा कुणाची नाही."

मी म्हटलं, "लिहीन की. पण सत्कारमूर्तीला नीट बघायला नको? चावी द्या."

मानपत्राच्या नावानं चावी लगेच मिळाली.

ऑफिसात जाऊन मी झाकण उचललं. तो कोपऱ्यात अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. मी त्याला पदराखाली घेतला आणि मागच्या नाल्यावर गेले. शेवंतीकाकी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पुढे केलेल्या तळहातावर मी त्याला ठेवला. क्षणभर तो तसाच बसला. मग एक बारीक शीळ घालून तो सरळ करंजाच्या झाडीत घुसला. मला रडूच फुटलं.

साहेब सहाऐवजी सातला आले. कमिटीतल्या सुलक्षणाबाईंनी ईशस्तवन म्हटलं. खोक्याला शाल घातली, समोर श्रीफळ ठेवलं. "आपल्या बहुमोल उपस्थितीनं ही वास्तू पावन झाली," असं मी रिकाम्या खोक्याकडे बघून गंभीरपणे वाचलं. चावी दुपारपासून माझ्याच कनवटीला होती, त्यामुळे खोका बाहेरही मीच आणला होता.

साहेबांनी झाकण उघडलं आणि आत पाहिलं. पण साहेब मुरलेले. त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे उंचावले आणि गरजले, "गेला बघा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "निळा होता!" ए विंगचे हर्षद ओरडले. "कानाशेजारून गेला माझ्या!" सुलक्षणाबाई म्हणाल्या. शेवंतीकाकी पदर तोंडात धरून हसत होत्या.

गर्दी पांगल्यावर श्यामकांत माझ्यापाशी आले. चेहरा उतरला होता.

"कधी सोडलात?"

खोटं बोलवेना. "पावणेदोनला."

"उडाला ना नीट?" त्यांनी इतक्या काळजीनं विचारलं की माझा राग निम्मा ओसरला.

"छान उडाला."

"सुटलो! सकाळपासून जिवाला घोर होता हो. मेला असता तर?" त्यांनी रुमालानं मान पुसली आणि जाता जाता वळले. "मिनिट्समध्ये मात्र सात दहा लिहा. साहेबांच्या हस्ते."

जे दिसलं तेच वहीत लिहा, असं पस्तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईनं मिनिट्समध्ये सात दहा लिहिलं. सही केली. खाली साक्षीदार म्हणून एकशे बारा जणांनीही केली, आणि त्यांनी तर तो उडताना पाहिला होता.