फ्रिजमधल्या अकरा बाटल्या

माझा मुलगा आरोन गेला, तेव्हा घरातले साठवणीचे सर्व पाणी ओतून टाकण्याचा हुकूम मीच दिला. आम्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची ती जुनी चाल आहे. मृत्यू झालेल्या घरात भरलेले भांडे ठेवीत नाहीत. पेणमध्ये आमची आता तीनच घरे उरली आहेत, म्हणून चाल मोडावी असे मला वाटत नाही.

हंडे, कळशा, तांबे रिकामे झाले. तीस वर्षे आमच्याकडे असलेल्या गुणाजीने फ्रिज उघडून विचारले, "बाईसाहेब, ह्या बारक्या बाटल्या पन?"

मी वळून पाहिले नाही. "सगळे म्हणजे सगळे," म्हणाले.

आरोन रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवीत असे. खाडीवरच्या अंतोऱ्याच्या धक्क्याला चिकटणाऱ्या बार्नेकल नावाच्या कवचधारी जिवांची शुक्रपेशी कशी घडते, यावर त्याने नऊ वर्षे घालवली. कोणी विचारल्यास मी 'खाडीतले प्राणी' एवढेच सांगत असे. माझी नात डेबोरा बापाच्याच विषयावर पीएच.डी. करीत होती आणि दोघांची चर्चा जेवतानाही थांबत नसे. ती पेशी आधी वाटोळी असते, मग दोऱ्यासारखी लांबते. तिला वेगळे डोके-शेपूट नसते, केंद्रक आणि शेपटीचा कणा शेजारी शेजारी धावतात. मधल्या अवस्थेत अंगाला एक थेंब चिकटलेला असतो, तो पुढे गळून पडतो. हे सर्व मला नको असताना पाठ झाले होते. त्या मधल्या अवस्थेचे नमुने दोन वर्षे शोधल्यावर हाती लागले, ते आरोनने मरणाच्या आदल्या दिवशी टिकवण्याच्या औषधात घालून बारक्या बाटल्यांत फ्रिजमध्ये ठेवले. मुंबईच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिल्यावाचून डेबोराचा प्रबंध पुरा होणार नव्हता.

शोकाच्या पाचव्या दिवशी तिने फ्रिज उघडला.

"गुणाजीकाका, बाटल्या कुठायत?"

"वतल्या."

"अकराच्या अकरा? पप्पांच्या हातच्या होत्या त्या! कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोन सांगनार? माझीच अक्कल."

"अक्कल! ती पण मोरीत ओतलीत वाटतं!"

तो मान खाली घालून उभा राहिला. मी चटईवर बसून होते. मला काहीच वाटत नव्हते. पाच दिवस काहीच वाटले नव्हते. पण नोकराने माझ्यासाठी खोटे बोलावे आणि मी ते चालू द्यावे, असे या घरात कधी घडले नव्हते.

"त्याला बोलू नकोस," मी म्हणाले. "त्याने विचारले होते. मी पाहिले नाही."

"तुला ठाऊक होतं ना गो आजी, त्यात काय आहे ते?"

"होते."

ती रडली नाही. माफी मागण्याची मला सवय नाही. तेव्हाही मागितली नाही.

शोकाचे सात दिवस संपले आणि आठव्या दिवशी ओहोटीला मी तिच्याबरोबर अंतोऱ्याला गेले. बापाच्या सुरीने ती बार्नेकल खरवडीत होती. मी चिखलात उभी राहून डबा धरला.

"यात तीच अवस्था सापडेल?"

"नाय सांगता येणार."

दुपारी तिने नमुने औषधात घातले. झाकणे मी स्वतः घट्ट लावली, बाटल्या फ्रिजमध्ये मांडल्या आणि गुणाजीला हाक मारली.

"या ओतायच्या नाहीत. उद्या मी गेले, तरी नाहीत."

"व्हय, बाईसाहेब."