तीन नंबरचा कॅमेरा

कोर्टातली वीज गेली आणि मिनिटभरात परत आली. सगळ्या पडद्यांवर दालन दिसू लागलं, पण कुठल्या पडद्यावर कुठलं चित्र जायचं हे ज्यावरून ठरवायचं, ते टचपॅनल काही उठेना. सुनावणीला वीस मिनिटं उरली होती.

साक्षीदार मुलगी शेजारच्या बंद खोलीत मावशीबरोबर बसली होती. तिचा चेहरा फक्त न्यायाधीशबाईंच्या पडद्यावर दिसावा, असा आदेश होता. दालनातल्या आणि वार्ताहरांच्या खोलीतल्या पडद्यावर मात्र कोर्टच दिसत राहायला हवं होतं. आरोपीचे तिघे भाऊ पहिल्याच बाकावर येऊन बसले होते.

"वायरवाल्या ताई, पुढची तारीख घ्यायला सांगू का?" कारकुनाने विचारलं. कोर्टातले कॅमेरे आणि पडदे सांभाळणाऱ्या तिला सगळे याच नावाने ओळखत.

"मुलगी परत येईल असं वाटतं तुम्हाला?"

कारकुनाने तारखांची वही मिटली. आधी दोनदा तारीख पडली होती. आज मावशीने तिची कशीबशी समजूत घालून तिला आणलं होतं.

ताईने लॅपटॉप उघडला आणि पडद्यांवर चित्रं पाठवणाऱ्या यंत्राच्या सिरियल पोर्टला केबल जोडली. आता आज्ञा थेट टाइप करता येणार होत्या : आधी कॅमेऱ्याचा नंबर, मग पडद्याचा, मग एंटर. साक्षीदाराचा कॅमेरा तीन नंबरचा, न्यायाधीशबाईंचा पडदा एक नंबरचा. पण यंत्राच्या पुस्तिकेतली एक ओळ तिने दोनदा वाचली. पडद्याचा नंबर पोचलाच नाही, तर यंत्र ते चित्र सगळ्याच पडद्यांवर टाकणार होतं. आणि केबल जुनी होती, तिचा प्लग हलत होता.

तिने आतल्या खोलीत फोन लावला. "मावशी, कॅमेऱ्यावर शाल टाका. मी सांगेपर्यंत काढू नका हं."

तीन. एक. एंटर.

दालनातला मोठा पडदा काळाठिक्कर पडला. बाकांवर कुजबुज सुरू झाली. पडद्याचा नंबर पोचलाच नव्हता; शालीखालचा अंधार सगळीकडे गेला होता. तिने घाईघाईने चित्रं पूर्ववत केली, डाव्या अंगठ्याने प्लग घट्ट दाबून धरला आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. मग आणखी दहा वेळा. दहाही वेळा लॅपटॉपवर यंत्राचं उत्तर बरोबर आलं.

"काढा शाल," ती फोनवर म्हणाली.

साक्ष सुरू झाली. अर्ध्या तासाने वकिलांनी न्यायाधीशबाईंच्या पडद्यावर नकाशा मागितला. ताईने तो दाखवला. आता परत मुलीवर यायचं होतं. पुन्हा शाल टाकायला लावली, तर ती बावरेल, बोलायची थांबेल. प्लग अजून दाबून धरलेल्या ताईच्या अंगठ्यात गोळे येत होते.

"साक्षीदार दिसत नाहीये मला," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"हो, एक क्षण."

तिने उजव्या हाताने दोन आकडे टाइप केले, डोळे फाडून वाचले आणि एंटर दाबलं. उत्तर आलं : कॅमेरा तीन, पडदा एक. समोर तिघा भावांपैकी एकजण मोठ्या पडद्यावर दिसणाऱ्या कोर्टातल्या रिकाम्या मेजाकडे बघत जांभई देत होता.

साक्ष संपल्यावर मावशी मागच्या जिन्यापाशी भेटली. "कुणाला दिसली नाही ना हो?"

"न्यायाधीशबाईंशिवाय कुणालाही नाही."

मावशी पायरीवरच बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. मुलगी मात्र ताठ उभी होती. "पाणी आहे का?" तिने विचारलं.

ताईने पिशवीतून बाटली काढली, पण झाकण काही फिरेना. अंगठ्यात जोरच उरला नव्हता.

"द्या इकडे," मुलगी म्हणाली आणि तिने ते उघडलं.